झाकलेलं दुखणं

"आवडीला हात लावू नकोस!... खबरदार तिच्या अंगाला हात लावलास तर!"

येसूबाईंचा आवाज ओटीवरून थेट मागल्या अंगणात आला, आणि न्हाणीच्या दगडावर लेकीचे केस धुवायला बसलेल्या गोदाचा हात जागच्या जागी थांबला. पोरीच्या डोक्यात शिकेकाई भरलेली होती, तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि आजी का ओरडते आहे हे न कळून ती तशीच ओणवी बसून राहिली होती. येसूबाईंनी ओटीवरून धावत येऊन नातीला दंडाला धरून ओढलं.

"आत्याबाई, डोकं भरलंय तिचं... डोळ्यांत जाईल—"

"जाऊ दे! शिकेकाईची आग परवडली. तुझ्या हाताची नको! इख हाय तुझ्या अंगात, पोर खाशील!"

गोदाने मान वर केली. सासूच्या मागे परसदारात भागी सुईण उभी होती, पदराने अर्धं तोंड झाकून, आणि ती गोदाच्या नजरेला नजर देत नव्हती. तेवढ्यावरूनच गोदाला सगळं कळून चुकलं!

सकाळी राबासाठी, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, शेणाच्या पाट्या वाहता वाहता तिच्या अंगात कणकण भरली होती. जांघेत अशी कळ उठली की ती शेताच्या बांधावरच खाली बसली. भागीनेच तिला हाताला धरून आडोशाला नेलं, लुगडं सैल केलं आणि पाहिलं. "काय नाय गं, होईल बरं," एवढंच ती तेव्हा बोलली होती. आणि मग ती सरळ येसूबाईंकडे गेली होती.

"गरमी हाय तिला, बाहेरख्यालीचं दुखनं," भागी आता खालच्या आवाजात म्हणाली, जणू गोदा तिथे नव्हतीच. "इतकी बाळंतपनं केली मी, मला कळत नाय व्हय? नवरा जाऊन पाच वरसं होत आली, आन् फोड आजचं हायत. वलं."

येसूबाईंनी नातीच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पोर रडायला लागली. ती रडत असतानाच सासूने सुनेकडे पाहून विचारलं,

"कोन हाय तो?"

ओले हात गोदाने पदराला पुसले, पुन्हा पुसले... तिला फार थकवा आला होता. इतका, की अपमानाचं दुःखही अंगात नीट शिरत नव्हतं.

"मागल्या म्हयन्यात कशेळ्याचा लडकू तुला पाटाचं विचारायला आला, तवा नको म्हनलीस. मी सोता म्हनलं तुला, तुझं वय हाय, मानूस भला हाय, जा. तरी नको म्हनलीस! मला वाटलं, माझ्या विठूच्या आठवनीत जलम काढते बिचारी... आता कळलं का नको म्हनलीस ते! हितंच कोनीतरी हाय तुझा!"

त्या दुपारी गोदाची वाकळ गोठ्याच्या पडवीत जाऊन पडली. तिचं ताट निराळं झालं, पाण्याचा तांब्या निराळा झाला, आणि आठ वर्षांची आवडी, जी आजवर आईच्या कुशीवाचून एकदाही निजली नव्हती, ती आजीजवळ निजू लागली.

आणि हे सारं एका शब्दाने थांबवता आलं असतं! तो शब्द गोदाच्या जिभेवर होता. पण तो तिने गिळला.

कारण येसूबाईंच्या घरात एक देव्हारा होता, आणि त्या देव्हाऱ्यात विठूचा, गोदाच्या गेलेल्या नवऱ्याचा, टाक होता. पहिली तीन मुलं तान्ही असतानाच दगावल्यावर येसूबाईंना हा मुलगा लाभला होता. धाकटा पदू नंतर झाला, पण जीव अडकला होता तो थोरल्यातच. विठू गेल्यापासून त्या रोज सकाळी त्या चांदीच्या टाकाला पाण्याने न्हाऊ घालीत, मऊ फडक्याने टिपीत, आणि टिपता टिपता त्याच्याशी हलक्या आवाजात काहीबाही बोलत. भाताचं काय झालं, कोणत्या गाईला वासरू झालं, आवडी किती वाढली... गोदा चुलीपुढे बसून ते ऐकत असे. त्या म्हातारीपाशी दुसरं काय होतं?

विठू वाईट माणूस नव्हता. आवडी रांगत होती त्या साली खोपोलीला घाटाखाली विजेचं मोठं काम निघालं, डोंगरावरून लोखंडी नळ आणायचे होते, आणि त्यांच्या गावच्या, कडावच्या, चार-पाच जणांबरोबर तोही गेला. कामावर हजारो माणसं, तट्ट्यांच्या झोपड्या, दारूचे गुत्ते, आणि गुत्त्यांच्या मागे आणखी काही. पावसाच्या तोंडाशी तो परत आला तो गप्प गप्प. पुढे काही दिवसांनी गोदाला असा ताप भरला, आणि अंगाखाली अशी आग पेटली, की तिला ना बसवेना, ना लघवीला जाववेना. येसूबाईंना वाटलं, उन्हाळी लागली. त्यांनी धने-जिऱ्याचं पाणी पाजलं. विठू मात्र ओटीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. सासू शेतावर गेल्याचं पाहून तो आत आला आणि बायकोच्या पायांशी कोसळला.

"माझ्यामुळं झालं गं... मला बी तिकडं असंच झालं हुतं. येकदाच गेलो मी. देवाशप्पत, येकदाच!"

गोदाने त्या दिवशी तोंड फिरवलं. कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण संसार बोलल्यावाचून चालत नाही. गुरं असतात, पोर असते, चूल असते. हळूहळू ती बोलू लागली. तो जन्मभर तिच्यापुढे मान खाली घालून वागला, आणि जन्म तरी त्याचा किती उरला होता? मानमोडीची साथ आली तेव्हा घराघरांतून माणसं उचलली जात होती. तापात तडफडत असताना विठूने तिचा हात धरला होता.

"आयला बोलव. सांगतो तिला. मागाहून तुझ्यावर बालंट आलं तर..."

आणि गोदानेच, होय, तिनेच, त्याच्या तोंडावर हात ठेवला होता! दाराशी सासू नवस बोलत बसली होती. अशा वेळी त्या माऊलीच्या कानांत हे विष ओतायचं? "काय सांगू नका," ती म्हणाली होती. "माझं मी बघीन." तो पहाटे गेला.

तेव्हापासून वर्षातून दोनदा, तीनदा ते दुखणं यायचं. कामाचा फार ताण पडला, ताप आला, उपास घडला की यायचं. आधी मांडीतून मुंग्या, मग ती आग, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस. आठवड्याने सुकून जायचं. कुणाला न सांगता ती मिठाच्या पाण्याने धुवायची आणि कामाला लागायची. लडकू आला तेव्हा तिच्या मनाने क्षणभर ओढ घेतली नव्हती असं नाही... भला, सावकाश बोलणारा माणूस. पण ज्या आगीत आपण जळलो ती त्याला कशी द्यायची? आणि नकाराचं कारण सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? म्हणून ती नको म्हणाली.

आता त्याच नकाराचा पुरावा झाला होता!

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बायका तिच्या घागरीपासून आपली घागर दूर ठेवू लागल्या. पदूचं लग्न खालापुराकडच्या एका मुलीशी ठरत आलं होतं. तिथून निरोप आला की आधी घरातली भानगड निस्तरा, मग पुढचं बघू. जातीच्या पंचांनी होळी झाल्यावर देवळापुढे बैठक ठरवली. बाईने पुरुषाचं नाव सांगावं, नाहीतर घर वाळीत पडेल.

गोदा राब भाजायला जात होती, गोठा काढत होती, आणि संध्याकाळी पडवीत बसून घराच्या मागल्या दाराकडे पाहत होती. कधीतरी त्या दारात आवडी येऊन उभी राहायची. पोर हात मागे बांधून उभी राहायची, कारण तिला तसं सांगितलं होतं. "आये, जेवलीस का?" एवढंच ती विचारायची. "जेवले गं," गोदा म्हणायची. मग दोघी एकमेकींकडे पाहत राहायच्या, आतून आजीची हाक येईपर्यंत... किती क्रूर असतं ते, आपल्याच पोटच्या गोळ्याला हाताच्या अंतरावर पाहणं!

एकदा पदू पडवीत आला. थोरल्या भावजयीने त्याला वाढवला होता म्हटलं तरी चालेल.

"वैनी, मला खरं काय ते ठाव नाय. विचारीत बी नाय," तो खाली पाहत म्हणाला. "पन कर्जतला टेसनाजवळ डाक्तरीनबाई आल्यात. गरमीवर आता सुया देत्यात म्हनं. चल, तुला घिऊन जातो."

"नको भावजी. होतं तसं होऊ द्या."

"होऊ कसं द्यू? तापानं वाळून चाललीस!"

येसूबाई दारातून ऐकत होत्या. "ने तिला," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "मी बी येते. डाक्तरीन काय म्हनते ते माझ्या कानांनी ऐकते. म्हंजे पंचांपुढं कोनी म्हनायला नको, सासूनं खोटं बालंट घेतलं."

दुसऱ्या दिवशी पदूने बैलगाडी जुंपली. कडावपासून कर्जतपर्यंत सासूसुना एका गाडीत पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची रिकामी शेतं उन्हात पांढरी पडली होती, कुठे कुठे भाजलेल्या राबाचे काळे चौकोन. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला गोदाच्या अंगातून कळ जात होती. ती ओठ दाबून बसली होती. एकदा न राहवून तिच्या तोंडून हुंकार निघाला, तेव्हा येसूबाईंनी मान न वळवता पदूला म्हटलं, "सावकाश हाक रं."

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, फारशा न हसणाऱ्या होत्या. त्यांनी गोदाला पडद्याआड नेऊन नीट तपासलं, हात धुतले, आणि बाहेर येऊन पदूला बाहेर बसायला सांगितलं. येसूबाई उठल्या नाहीत.

"ही गरमी नाही," बाई म्हणाल्या.

येसूबाईंनी झटकन वर पाहिलं.

"गरमीचा फोड बहुधा एकच असतो, बूड कडक असतं, आणि तो दुखत नाही. हे पाण्याचे बारीक फोड आहेत, घोसाने आलेले. आगीसारखे झोंबतात. इंग्रजीत याला हर्पीस म्हणतात. अंगावर नागीण उठते ना, तिच्यासारखं, पण हे निराळं. पहिल्यांदा कधी आले होते, बाई?"

गोदाने सासूकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"आठवत नाय."

डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या मधलं ते अंतर पाहिलं असावं, कारण पुढचं त्या गोदाशी न बोलता येसूबाईंशी बोलल्या.

"आजी, हे कसं असतं ते सांगते. पहिल्या वेळी फार जोरात येतं. ताप, अंगदुखी, लघवी करवत नाही. मग फोड सुकतात. माणसाला वाटतं, बरं झालं. पण विष जात नाही. आत दडून बसतं, कितीतरी वर्षं. अंग थकलं की पुन्हा वर येतं. मग नवरा जवळ असो, परगावी असो की जगात नसो. म्हणून फोड आजचे आहेत तर चूकही आजचीच, असं जर कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे."

"मग आलं कुठनं?"

"ते फोड पाहून मला सांगता येणार नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांना ते बहुतेक वेळा घरातच मिळालेलं असतं. नवऱ्याकडून. कधी कधी नवऱ्याला स्वतःलाही ठाऊक नसतं."

बाहेर कुठेतरी इंजिनाची शिट्टी वाजली. गोदाने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता सासू ओरडेल, माझ्या विठूचं नाव घेता म्हणून या बाईंवर धावून जाईल...

पण येसूबाईंचा आवाज आला तो ओळखू न येण्याइतका बारीक होता.

"बाई... फोड यायच्या आदी मांडीतनं मुंग्या येत्यात का? पार टाचंपातुर?"

गोदाने डोळे उघडले. मुंग्यांचं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं!

"येतात. पुष्कळांना येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिने सांगितलं तुम्हाला?"

"म्हातारपनी बी येतं का?"

"कमी होत जातं. पण येऊ शकतं."

"आन् पोटच्या पोराला? जलमलेल्या बाळाला कायी होतं का यानं?"

या प्रश्नावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आजी, यावर कुठे काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मला ठाऊक नाही. उगाच हो किंवा नाही म्हणणार नाही मी... का विचारता?"

"काय नाय."

मग गोदाने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. तिला स्वतःसाठी काहीच विचारायचं नव्हतं. "बाई, माझी पोरगी हाय... आठ वरसांची. ती माझ्याजवळ निजली तर...?"

"खुशाल निजू दे. एका ताटात जेवा, तिला न्हाऊ घाल. अशाने हे लागत नाही. फोडांना हात लागला तर तो साबणाने धू आणि डोळ्यांना लावू नकोस. उद्या पुन्हा लग्न केलंस तरी करता येईल. त्या माणसाला आधी सांगायचं, आणि फोड असतील तेव्हा लांब राहायचं."

गोदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती ते पुसतही नव्हती.

"पुरतं घालवायला औषध नाही," बाई पुढे म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "मलम देते, झोंबणं कमी होईल. मिठाच्या कोमट पाण्याने धूत जा. आणि विश्रांती घे. शरीर पार शिणून गेलंय तुझं."

विश्रांती! हा शब्द आजवर कुणी तिच्यासाठी उच्चारला नव्हता.

परतीच्या वाटेवर नदीपाशी पदूने बैल सोडले आणि त्यांना पाण्यावर नेलं. काठच्या उंबराच्या सावलीत दोघी बसल्या. येसूबाई पाण्याकडे पाहत म्हणाल्या,

"मला बी हाय."

गोदाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"लगीन झाल्यापासनं दुसऱ्या साली. तुझं मामंजी भाताच्या गाड्या घिऊन पनवेलीला जात, चार-चार दिस तिथंच ऱ्हात... मला काय ठाव! मला वाटलं, देवीचा कोप. माझ्याच हातनं कायी पाप घडलं असंल. ते दिस आलं की मी देवाला शिवत नसे, दिवा लावत नसे. कोनाला सांगायची सोय नव्हती गं... चाळीस वरसं झाली. अजून कवातरी येतंच."

"आत्याबाई..."

"विठूच्या आदी तीन गेली. त्यातली धाकटी तर, बारसं बी नव्हतं झालं, तिच्या अंगावर असंच पान्याचं फोड आलं हुतं. बारीक बारीक. माझी सासू म्हनली, आईच्याच अंगात इख हाय, ती पोरं खाते." येसूबाईंचा आवाज फाटला. "तेच मी तुला म्हनले! तेच शब्द... माझ्याच तोंडानं!"

गोदाने त्यांचा हात धरला. म्हातारीने तो सोडवून घेतला नाही.

"आता खरं सांग. माझ्या विठूनं दिलं तुला. व्हय का नाय?"

इतकी वर्षं जपलेलं ते मौन आता गोदाच्याने पेलवत नव्हतं.

"ते सांगनार हुते तुमाला... जाताना. मीच त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तुमी रोज त्यांच्याशी बोलता, आत्याबाई... तुमचं तेवढंच ऱ्हायलं हुतं. ते मी कसं मोडू?"

"आन् तू? तुझं काय ऱ्हायलं हुतं गं?" येसूबाई किंचाळल्यासारख्या म्हणाल्या. "पोरगी तोडली मी तुझी! वाकळ गोठ्यात टाकली! आन् तू गप ऱ्हायलीस... माझ्यासाठनं?"

आणि ती कडक, ताठ मानेची म्हातारी सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडू लागली. पदू बैल घेऊन वर आला तो तिथेच थबकला. काय झालं हे त्याला कळलं नाही, पण तो पुन्हा पाण्याकडे वळला आणि बैलांना उगाचच थोपटत उभा राहिला.

घरी पोचल्यावर येसूबाईंनी स्वतः वाकळ उचलून आत आणली. आवडी दारात हात मागे बांधून उभी होती, सवयीने. "जा," आजी म्हणाली, "आयजवळ जा." पोरीचा विश्वास बसेना. ती एक पाऊल पुढे आली, आजीच्या तोंडाकडे पाहिलं, आणखी एक पाऊल... आणि मग धावत येऊन तिने आईच्या गळ्यात अशी मिठी मारली की गोदा भिंतीला टेकून खालीच बसली.

गोदाला वाटलं, आता संपलं. पण होळीनंतरच्या बैठकीला येसूबाई निघाल्या तेव्हा त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून गोदाला भय वाटलं.

"आत्याबाई, पंचांना सांगू की डाक्तरीनबाई म्हनल्या, गरमी नाय. तेवढं पुरं हाय."

"तेवढं पुरत नाय. मानसं म्हनतील, मग काय हाय? कुठनं आलं? बोट तुझ्यावरच ऱ्हाईल."

देवळापुढे जाजमावर पंच बसले होते. बाया मागे, कडेला. बाईमाणसाने पंचांपुढे उभं राहून बोलायची रीत नव्हती. तिच्या वतीने घरातला पुरुष बोले. पदू उठू लागला तेव्हा येसूबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"नाव पायजे ना तुमाला? मी सांगते," त्या म्हणाल्या. "विठू. माझा थोरला. खोपोलीच्या कामावरनं दुखनं घिऊन आला आन् ते ह्या पोरीला दिलं. डाक्तरीन म्हनली, ते जलमभर अंगात ऱ्हातं. मानूस मेला तरी त्याचं दिलेलं ऱ्हातं."

"आत्याबाई, नको!" मागून गोदाचा आक्रोश आला. "नका हो नाव घेऊ त्यांचं..."

"गप ऱ्हा. लई वरसं गप ऱ्हायलीस." येसूबाई वळल्या नाहीत. "आन् माझं बी ऐका. मला बी तेच हाय. माझ्या धन्यानं दिलेलं. तो ह्याच जाजमावर बसून दुसऱ्यांचा न्याय करीत हुता. आता कोनाला वाळीत टाकनार, टाका. दोन मेलेली मानसं हायत. त्यांना टाका."

कुणीतरी मागे फिदीफिदी हसलं आणि लगेच गप्प झालं. म्होरक्या पंचाने घसा खाकरला, शेजाऱ्याकडे पाहिलं, आणि बैठक उठली असं सांगितलं. दंड नाही, वाळीत नाही, आणि माफीचा एक शब्दही नाही. माणसं पायांत जोडे सारून निघून गेली. भागी सुईण मात्र तिथेच खांबाला धरून उभी राहिली. दोघी तिच्यासमोरून जाऊ लागल्या तेव्हा ती पुटपुटली, "मला ठाव नव्हतं गं, गोदे..." गोदाने मान हलवली. राग धरायलाही बळ लागतं. ते तिच्यापाशी नव्हतं.

खालापूरच्या मंडळींनी पदूचं स्थळ मोडलं. त्याने तोंड वाकडं केलं नाही. पुढल्या साली त्याचं कोंडाण्याच्या मुलीशी लग्न झालं. येसूबाईंना देवळात काही बायका टाळू लागल्या. पण पाणवठ्यावर निराळंच घडू लागलं. कुणी ना कुणी घागर विसळता विसळता गोदाजवळ सरकायची, इकडेतिकडे पाहायची, आणि हळूच विचारायची, "ते मलम कुठं मिळतं गं?... माझ्या बहिनीला पायजे हुतं." कितीजणींच्या बहिणी निघाल्या! गोदा कुणालाच पुढचं विचारीत नसे. कर्जतचा पत्ता सांगे, आणि मुलांपासून तोडून घेऊ नकोस, एवढं आठवणीने सांगे.

लडकूने कशेळ्याहून पुन्हा निरोप पाठवला. सगळं कानांवर आलंय, तरी तयार आहे म्हणून. येसूबाई म्हणाल्या, "जा गं. आता तर झाकायचं कायी ऱ्हायलं नाय." गोदाने रात्रभर विचार केला नाही, की ती रडली नाही. "त्यांना म्हनावं, तुमी भलं मानूस," तिने उत्तर धाडलं. "पन मी आता हितंच बरी हाय." या वेळचा नकार भीतीतून आलेला नव्हता, आणि तो देताना तिला कुठे दुखलंही नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र तिच्या मनात कायमची राहिली. त्या सकाळी तिला जाग आली ती जात्याच्या घरघरीने. ऊन बरंच वर आलं होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दळण तिचं, गोठा तिचा, चूल तिची. आवडीचा हात तिच्या गळ्यावर पडलेला होता. भिंतीपलीकडे येसूबाई दळत होत्या, मधूनच थांबून धापा टाकत होत्या, आणि पुन्हा खुंटा धरत होत्या. पदू गोठ्यातून आत येऊन काही मोठ्याने विचारू लागला.

"हळू बोल रं," येसूबाई म्हणाल्या. "निजलीय ती."

गोदा जागी होती. सवयीने तिने उठायला हात टेकलाही... आणि मग तो उचलून घेतला. म्हातारीचे हात दुखतील, जाऊन खुंट्याला हात लावावा, असं मन म्हणत होतं. पण अंग म्हणत होतं, आज नाही. तिने लेकीचा हात तसाच राहू दिला, डोळे मिटले, आणि जातं फिरत असताना ती पुन्हा झोपी गेली.